गॅदरिंग नसलेला डान्स क्लास

हिंगोलीत किंवा वसमतमध्ये चाळिशीतल्या माणसानं डान्स क्लासची चौकशी केली की समोरून पहिला प्रश्न येतो, "लेकरू कितवीला आहे?" विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. आपल्याकडचे क्लास चालतात ते शाळेच्या गॅदरिंगवर, नवरात्रातल्या दांडियावर आणि अलीकडे लग्नातल्या संगीतावर. तिन्ही ठिकाणी शेवटी एक स्टेज, एक गाणं आणि समोर खुर्च्यांवर बसलेले पाहुणे असतात. ज्याला दिवसभर दुकान सांभाळून, वर्गात उभं राहून किंवा घरातलं सगळं आवरून आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी नुसतं नाचायचं आहे आणि स्टेजवर चढायचंच नाही, त्याच्यासाठी क्लासच्या फ्लेक्सवर एक ओळही नसते.

१९९९ साली परभणीतून वेगळा झालेला आपला पाच तालुक्यांचा जिल्हा. पुण्या-मुंबईत असते तशी नवशिक्या प्रौढांची बॅच इथं आयती मिळेल, या भरवशावर राहू नये. पण ती मागून घेता येते आणि नाहीच मिळाली तर सात-आठ जणांत उभी करता येते. त्यासाठी काय बघायचं, काय विचारायचं आणि कशाला नाही म्हणायचं, एवढं ठाऊक असलं म्हणजे पुरे.

पहिला प्रश्न फीचा विचारू नका. "शेवटी कार्यक्रम आहे का?" हे विचारा. कार्यक्रम असला की सर गाणं शिकवतात, नाचायला शिकवत नाहीत. तारीख ठरलेली, गाणं साडेचार मिनिटांचं, मग दररोज वीस सेकंदांच्या स्टेप पाठ करून घ्यायच्या. ज्याला पटकन जमतं तो पुढच्या ओळीत आणि ज्याला जमत नाही तो मागच्या ओळीत, खांबाआड. लहान मुलांचं यात भागून जातं, कारण त्यांचं पाठांतर आणि अंग दोन्ही ताजं असतं. मोठा माणूस मागच्या ओळीत दोन आठवडे उभा राहतो आणि "आपल्याला काही जमायचं नाही" असं घरी सांगून मोकळा होतो. त्याला जमलं असतं. फक्त त्याला कुणी पाय कसा ठेवायचा ते सांगितलंच नव्हतं. शिवाय कार्यक्रम म्हटला की ड्रेसचं भाडं, मेकअप, सीडीचे पैसे हे फीच्या बाहेरचे खर्च आलेच. छंद म्हणून नाचायचं असेल तर स्टेज नसलेली बॅच हवी, हे माझं ठाम मत आहे. वर्षभरानंतर कुणाला हौस आली तर स्टेज कुठं पळून जात नाही.

फ्लेक्सवरची चार नावं

आपल्याकडे एकाच फ्लेक्सवर झुंबा, हिपहॉप, बॉलिवूड आणि कंटेम्पररी अशी सगळी नावं ओळीनं असतात आणि बहुतेक वेळा ते सगळं शिकवणारा माणूस एकच असतो. नावांत गोंधळ झाला तरी बिघडत नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय ते कळलेलं बरं.

झुंबा हा व्यायाम आहे. कोलंबियातल्या बेतो पेरेझ नावाच्या एरोबिक्सच्या मास्तरनं एकदा क्लासची कॅसेट घरी विसरली म्हणून गाडीतली साल्सा-मेरेंगेची कॅसेट लावली आणि त्यातून हा प्रकार निघाला, असं तो स्वतः सांगतो. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. २००१ साली अमेरिकेत त्याची कंपनी झाली. झुंबा हे नोंदणी केलेलं नाव आहे आणि ते वापरून शिकवणाऱ्याला कंपनीचा परवाना लागतो, तेव्हा परवाना आहे का हे विचारायला संकोच नको. झुंब्यात समोरच्याकडे बघत बघत करायचं असतं, चुकलं तरी कुणी थांबत नाही. घाम भरपूर येतो, मन हलकं होतं. नाच मात्र फारसा शिकून होत नाही. वजन आणि दम यांच्यासाठी यायचं असेल तर उत्तम.

हिपहॉप सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, रस्त्यावर आणि गल्लीतल्या पार्ट्यांत वाढला. त्यातल्या जमिनीवरच्या कसरती पस्तिशीनंतर पहिल्या वर्षी करूच नयेत. त्यातली खाली दबून लयीत डुलण्याची ढब मात्र कुणालाही येते. बॉलिवूडबद्दल वेगळं सांगायला नको.

राहिला मॉडर्न किंवा कंटेम्पररी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इझाडोरा डंकनसारख्या बायकांनी बॅलेचे घट्ट बूट काढून टाकले आणि अनवाणी नाचायला सुरुवात केली, तिथून हा प्रवाह निघाला. मार्था ग्रॅहमनं १९२६ साली स्वतःची मंडळी काढली. श्वास सोडताना पोट आत जातं, घेताना अंग उघडतं, एवढ्या साध्या गोष्टीवर तिनं सगळं तंत्र रचलं. डॉरिस हम्फ्रीनं तोल जाणं आणि तो पुन्हा सावरणं यातूनच नाच उभा केला. प्रौढ नवशिक्यासाठी हे फार सोयीचं आहे. इथं पाय कानापर्यंत जावा लागत नाही आणि कंबर बारीक असावी लागत नाही. श्वास, वजन आणि तोल या तीन गोष्टी तर प्रत्येकाजवळ असतातच.

आपल्याकडे हा विचार उदय शंकरांनी रुजवला. ते लंडनला गेले ते चित्रकला शिकायला. कुठल्याही शास्त्रीय नृत्याची रीतसर तालीम नसताना १९२३ मध्ये ते ॲना पावलोवाबरोबर नाचले. १९३८ साली त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं, तिथं पुढं सिनेमात गेलेला गुरुदत्तही शिकला. अस्ताद देबू (१९४७–२०२०) कथक आणि कथकली शिकले, परदेशात मॉडर्न डान्स शिकले आणि मग त्यांनी कर्णबधिर मुलांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. ज्यांना गाणं ऐकू येत नाही ती मुलं आकडे मोजून, बघून, अंगातली लय धरून नाचतात, तर "मला तालाचं अंग नाही" ही आपली सबब फार काळ टिकत नाही.

आणि एक नाव आपल्या घरातलं. अमरावतीत जन्मलेले भगवानदादा पालव. १९५१ च्या 'अलबेला'मधला त्यांचा नाच पुन्हा एकदा नीट बघा. उडी नाही, गिरकी नाही, पाय जमिनीपासून फारसे सुटत नाहीत. गुडघे जरा सैल, खांदे लयीत आणि हात छातीसमोर. स्थूल अंगाच्या माणसानं नाचावं कसं याचा याहून चांगला धडा कुठल्या क्लासात मिळणार नाही. अमिताभ बच्चनही पुढं पडद्यावर त्याच ढबीनं नाचले.

तुम्ही नवशिके नाहीच

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या हातात कधी ना कधी लेझीम आलेली असते. आठ आकड्यांत हात वर, खाली, पुढं, वाकून उभं. आणि पाय एकाच वेळी वेगळं काहीतरी करतात. हे जमलेल्या माणसाला नवशिका म्हणायचं कारण नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी खेळलेल्या बाईला गिरकी घेताना नजर कुठं ठेवायची ते आधीच ठाऊक असतं. दिंडीत पावली खेळलेल्याला पुढं दोन पावलं, मागं एक आणि वर टाळाचा ठेका हे सांभाळता येतं. होळीला तांड्यावर लेंगी म्हणत फेर धरणाऱ्यांना तर क्लास काढून आपणच शिकवावं.

नरसी ही नामदेवांची जन्मभूमी मानतात आणि औंढ्याचं देऊळ त्यांच्या कीर्तनासाठी फिरलं, ही कथा आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. कीर्तनात नाचण्याची तर नामदेवांना उघड ओढ होती. देऊळ फिरलेलं आपल्याला चालतं, स्वतःची कंबर फिरवायची म्हटलं की मात्र आपण भोवती कोण बघतंय ते बघतो.

क्लासमध्ये सर "फाईव्ह, सिक्स, सेव्हन, एट" म्हणून सुरुवात करून देतात. हे आठ आकडे म्हणजे भजनी मंडळातला केहरवाच समजा: धा गे ना ती, न क धी ना. आठ मात्रा, चार-चारचे दोन भाग. ज्याच्या घरात ढोलकी किंवा पखवाज वाजतो त्यानं पहिल्या आठवड्यात घरच्या वाजवणाऱ्याला समोर बसवावं आणि नुसतं चालावं, एका मात्रेला एक पाऊल. चालणं तालात बसलं की निम्मं काम झालं. मोबाईलवरच्या गाण्यापेक्षा हे बरं, कारण वाजवणारा तुमच्यासाठी लय उतरवतो.

आता एक गोष्ट जवळून बघू, कारण बहुतेक मोठी माणसं अडतात ती इथंच.

सरळ उभे राहा. दोन्ही पायांत वीतभर अंतर, गुडघे ताठ नकोत. सगळं वजन डाव्या पायावर न्या. गेलं की नाही ते तपासायचं असेल तर उजवा पाय हळूच उचला. उचलताना अंग झोललं, तर वजन अर्धंच गेलं होतं. आता उजवं पाऊल बाजूला ठेवा, त्यावर पूर्ण उभे राहा: एक. डावं पाऊल उजव्याजवळ आणून चवडा नुसता टेकवा: दोन. आता तेच डावं पाऊल परत डावीकडे ठेवा, त्यावर उभे राहा: तीन. उजवं जवळ आणून टेकवा: चार. झालं. यात चूक होते ती दुसऱ्या आणि चौथ्या आकड्याला. टेकवायच्या पायावर माणूस नकळत उभा राहतो, मग पुढच्या आकड्याला कुठला पाय उचलायचा हे कळत नाही आणि तो थबकतो. टेकवलेला पाय लगेच पुन्हा उचलायचा असतो, ठेवलेल्या पायावर उभं राहायचं असतं. हा एवढा फरक अंगात मुरला की जगातल्या निम्म्याअधिक स्टेप तुम्हाला दुसऱ्या दिवशी जमायला लागतात. तो मुरेपर्यंत हात कंबरेवर ठेवा. हात आणि पाय एकदम शिकायला गेलं की दोन्ही जातात.

डावं-उजवं गोंधळत असेल तर लाजू नका, कित्येकांचं गोंधळतं. मनगटावर घड्याळ किंवा दोरा असतोच. सरांना सांगा, "घड्याळाचा पाय" असं म्हणा.

मास्तर पारखताना

फी भरण्याआधी एक क्लास बसून बघा आणि एक करून बघा. दोन्हींना जो नाही म्हणतो त्याच्याकडे जाऊ नये.

बघताना शिक्षक किती सुंदर नाचतो याकडे लक्ष देऊ नका. तो मागच्या ओळीकडे किती वेळा जातो ते बघा. स्टेप सांगताना तोंड आरशाकडे आहे की तुमच्याकडे? तुमच्याकडे तोंड करून शिकवणारा चांगला शिक्षक स्वतः उलटं करतो, म्हणजे तुमच्या उजव्याला त्याचा डावा. हे अवघड असतं आणि ज्यानं त्याचा सराव केलाय त्यानं शिकवण्याचा विचार केलाय, असं समजावं. गाणं लावण्याआधी तो नुसत्या आकड्यांवर करून घेतो का? चुकलेल्याचं नाव घेऊन हशा पिकवतो का? पहिली दहा मिनिटं अंग गरम करण्यात जातात का, की थेट गाणं सुरू होतं? गुडघा दुखतो म्हटल्यावर "होईल सवय" म्हणतो, की दुसरी स्टेप देतो? "होईल सवय" हे उत्तर मिळालं तर चपला घालाव्यात आणि निघावं.

वय बघू नका. आपल्याकडे शिकवणारी पोरं पंचविशीतली असतात. त्यांना "सर" म्हणायला पन्नाशीच्या माणसाला अवघड जातं आणि काकांना "गुडघे वाकवा" म्हणायला त्यांनाही. पहिल्याच दिवशी हे बोलून टाकावं: "इथं तुम्ही शिकवा, बिनधास्त चूक काढा." नाहीतर मानापोटी ते तुमची चूक काढतच नाहीत आणि सहा महिन्यांनीही तुम्ही टेकवायच्या पायावर उभेच असता.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, आणि ती पुरुषांनीही लक्षात घ्यावी. क्लासचा व्हिडिओ कोण काढतो? आजकाल प्रत्येक क्लासला जाहिरातीसाठी रील हवी असते. गाव लहान, संध्याकाळी काढलेली रील सकाळी सासरच्या ग्रुपवर. फी भरतानाच सांगा की माझा व्हिडिओ काढायचा नाही आणि टाकायचा तर नाहीच. सगळ्या बॅचनं मिळून सांगितलं तर कुणीच मनाला लावून घेत नाही. मोबाईल पिशवीत ठेवून होणारा क्लास जास्त मोकळा होतो, हा अनुभव घेऊन बघा. फक्त महिलांची बॅच हवी असेल तर सहा-सात जणींनी एकत्र जाऊन मागावी. एकटीनं मागितली तर "बघू" असं उत्तर मिळतं, सात जणींच्या फीपुढं वेळ लगेच निघतो.

फरशी, बूट, घाम

डान्स क्लासमध्ये सगळ्यात महत्त्वाची वस्तू स्पीकर नव्हे, फरशी आहे. नाचासाठी खरी जमीन लाकडाची, खाली थोडी पोकळी असलेली, जी पाय आपटल्यावर जरा दबते. आपल्याकडे शहाबादी, टाइल्स नाहीतर ग्रॅनाइट, आणि त्याखाली थेट काँक्रीट. उडी मारून खाली येताना जो दणका बसतो तो सगळा घोटा, नडगी आणि गुडघा घेतात. म्हणून अशा फरशीवर पहिले तीन महिने उड्या नकोत. उडीच्या जागी चवड्यावर उचलून टाच टेकवा, ताल तोच राहतो. फरशी गुळगुळीत असेल तर अनवाणी किंवा मऊ सोलचे बूट; मोजे घालून कधीच नको, पाय सटकतो. चालण्याच्या बुटांचे खोल खाचांचे सोल गिरकीला वाईट. पाऊल जमिनीला धरून राहतं, अंग फिरतं आणि मधला गुडघा पिळतो. जाड सतरंजीवर आणि फोमच्या चटयांवर हेच होतं. चटई जमिनीवर लोळून करायच्या व्यायामाला ठेवा, गिरक्या उघड्या फरशीवर घ्या. आणि आधी पुसून घ्या. शहाबादीवरची धूळ सटकते.

कपड्यांत सलवार-कमीज चालतो, ओढणी कंबरेला गाठून. पँट ढगळ असली तरी घोट्यात अडकणारी नको. साडीत करायचंच असेल तर सहावारीपेक्षा नऊवारी कितीतरी बरी, उगाच नाही लावणी तिच्यात होत.

मार्च ते जूनच्या पंधरवड्यापर्यंत मराठवाड्यातल्या पत्र्याच्या हॉलमध्ये संध्याकाळी पाचची बॅच म्हणजे शिक्षाच. उन्हाळ्यात सकाळी सहा, नाहीतर रात्री आठ. नाचण्याआधी तासभर पोटभर जेवू नका. घोट घोट पाणी क्लासमध्येही चालू ठेवा. घाम फार गेला तर मीठ घातलेलं ताक. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर लगेच थांबा, सावलीत बसा, ओलं फडकं मानेवर ठेवा. हे उन्हाचं लक्षण आहे. थोड्या वेळात बरं वाटलं नाही किंवा बोलणं असंबद्ध व्हायला लागलं तर दवाखाना गाठा.

अंग काय म्हणतं

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, असं सांगितलं आहे. पन्नास मिनिटांच्या तीन बॅच झाल्या की खालची मर्यादा गाठली. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी: नाचता नाचता बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. गाणं म्हणता येत असेल तर जोर वाढवा, बोलताही येत नसेल तर कमी करा. पासष्टीच्या पुढच्यांसाठी संघटना आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सुचवते, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं हा तर नाचाचा पायाच आहे. २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ जणांकडे पाहिलं गेलं. शरीराच्या हालचालींपैकी स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी संबंध दिसला तो नाचण्याचा. नाचण्यामुळेच धोका कमी झाला, असं यावरून सिद्ध होत नाही. नाचू शकणारी माणसं मुळातच धडधाकट असतील. तरी पाऊल, ताल आणि पुढची स्टेप एकाच वेळी लक्षात ठेवणं हे डोक्याला काम देतं, एवढं नक्की.

रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, पूर्वी झालेलं गुडघ्या-कंबरेचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकालाही सांगा. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्यानं खिशात साखर ठेवावी आणि रिकाम्या पोटी येऊ नये. मधुमेहानं तळपाय बधिर झाले असतील तर अनवाणी नाचू नये, जखम झालेली कळत नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर "एवढं गाणं संपू दे" असं म्हणू नका.

पहिल्या आठवड्यात मांड्या-पोटऱ्या दुखतील, एक-दोन दिवसांनी जास्त दुखतील आणि मग थांबतील. ते नेहमीचं आहे. सांध्यात एकाच ठिकाणी टोचणारं दुखणं, सूज, पायऱ्या उतरताना कळ हे नेहमीचं नाही. तिथं विश्रांती घ्या, बर्फ फडक्यात गुंडाळून लावा आणि चार-पाच दिवसांत उतरलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा. चोळून घेण्याची घाई नको.

क्लासच नसेल तर

वसमतकराला नांदेड हाताशी आहे, शनिवार-रविवारची बॅच त्याला जमू शकते. सेनगावच्या माणसाला ते सांगण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावात किंवा मोठ्या खेड्यात स्वतःची बॅच उभी करणं हाच मार्ग, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही.

जागा आधी. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी लग्नं नसतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत गावोगावची मंगल कार्यालयं बहुतेक रिकामी पडलेली असतात. वीज, पंखे, स्वच्छतागृह, मोठा हॉल सगळं तयार. चार महिने, आठवड्यातून तीन संध्याकाळी, तासाभरासाठी असं ठरवून भाडं विचारलं तर मालक सहसा नाही म्हणत नाही, हॉलची झाडलोट तरी होते. वर्गणी काढली की माणशी भार हलका होतो. शाळेचा हॉल किंवा समाजमंदिर हवं असेल तर रीतसर अर्ज करून परवानगी घ्या. तोंडी परवानगी पहिल्या तक्रारीला पडते.

हेच चार महिने आपल्याकडच्या कामालाही बऱ्यापैकी जुळतात. पेरण्या उरकलेल्या असतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतकरी घरांतली माणसं येणार नाहीत; तेव्हा दोन-तीन आठवडे सुट्टी आधीच जाहीर करा, म्हणजे कुणी "माझी गाडी सुटली" म्हणून कायमचा घरी बसत नाही. हळद काढणी आणि शिजवणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. वसमतकडच्या बॅचनं तेव्हा बंदच ठेवावं.

शिक्षक कुठून आणायचा? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आपला जिल्हा येतो. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात समूहनृत्यात नाचलेली, महिना-महिना तालीम केलेली मुलं-मुली प्रत्येक कॉलेजात आहेत आणि डिग्री घेऊन गावात बसलेलीही आहेत. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात चौकशी करा. अशा मुलीला आठवड्याचे तीन तास आणि ठरलेलं मानधन दिलं तर तिचाही फायदा. मानधन ठरलेल्या तारखेला द्या. "आपलीच पोरगी" म्हणून टाळू नका. शास्त्रीय नृत्याकडे ओढ वाटली तर छत्रपती संभाजीनगरला महागामी आहे, तिथं कथक आणि ओडिसी शिकवतात. पण तो वेगळा आणि लांबचा प्रवास, संध्याकाळच्या विरंगुळ्यात बसणारा नव्हे.

शिक्षक नाहीच मिळाला तर व्हिडिओवरून शिकता येतं, दोन पथ्यं पाळून. व्हिडिओचा वेग ०.७५ वर ठेवा आणि "मिरर्ड" लिहिलेला व्हिडिओ निवडा, म्हणजे पडद्यावरचा माणूस ज्या बाजूला जातो त्याच बाजूला तुम्ही जाता. एकानं आधी घरी बघून यावं आणि त्या दिवशी त्यानं सगळ्यांना शिकवावं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं. हॉलमध्ये सगळ्यांनी मोबाईलभोवती गोळा होऊ नये. लाईट जाते म्हणून चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर हवा. आरसा नसला तरी चालतं: दोघा-दोघांनी समोरासमोर उभं राहावं.

एक तास असा वाटावा: दहा मिनिटं चालणं आणि सांधे मोकळे करणं, पंधरा मिनिटं आकड्यांवर नुसती पावलं, वीस मिनिटं एखादा छोटा तुकडा, मग दहा मिनिटं हवं तसं नाचा. या शेवटच्या दहा मिनिटांत बहुतेक जण पहिल्या दिवशी भिंतीला टेकून उभे राहतात. दिवे थोडे कमी करा आणि हलगी किंवा बेंजोचं गाणं लावा. वरातीत नाचलेले पाय आपोआप पुढं येतात. उरलेली पाच मिनिटं पाय ताणणं आणि श्वास. यात बदल करा, पण पावलांचा वेळ कापून गाण्याला देऊ नका.

"लोक काय म्हणतील" याचं उत्तर कुणाजवळ नसतं आणि शोधूही नये. ज्या गावात वरातीत डीजेपुढं साठीचे मामा नाचतात आणि हळदीला आत्याबाई फेर धरतात, तिथं नाचण्याला कुणाचा विरोध नाही. कारणाशिवाय नाचण्याला आहे. दोन महिने नेमानं गेलं की बोलणारे वेळ विचारायला लागतात.

तीन महिन्यांत काय अपेक्षा धरावी? चार-पाच साधे तुकडे, ताल सुटला तर परत पकडता येणं, आणि वरातीत पहिल्यांदाच हात-पाय कुठं ठेवावेत हा प्रश्न न पडणं. वजन फारसं उतरणार नाही. ते जेवणाच्या ताटावर ठरतं. झोप सुधारते असं बरेच जण सांगतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात कंटाळा येतो, कारण नवेपण संपलेलं असतं आणि हात अजून मोकळे झालेले नसतात. गळती होते ती तेव्हा. त्या पंधरवड्यात नवं काही शिकू नका, जुनंच नव्या गाण्यावर करा.

आषाढीच्या आधी एवढं करा: नाचायची इच्छा असलेली आणखी पाच नावं कागदावर लिहा, त्यांना विचारा आणि गावातल्या मंगल कार्यालयाचं चातुर्मासातलं भाडं काय पडतं ते काढून या.